सगळी चूक सेक्रेटरींची

आमच्या सोसायटीत पाणी आलं नाही की चूक सेक्रेटरींची असायची. लिफ्ट बंद पडली, चूक सेक्रेटरींची. कुत्र्याने कुणाची चप्पल पळवली, चूक सेक्रेटरींची. हे मी म्हणत नाही. बाकीचे लोकही म्हणत नसत, कारण त्यांनी तोंड उघडायच्या आत सेक्रेटरी स्वतःच म्हणून मोकळे व्हायचे. सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी लिहायचं, "आज पण गढूळ पाणी!!!" आणि त्याखाली लगेच त्यांचे दोन शब्द उमटायचे, "चूक माझी." पुढे उद्गारचिन्ह नाही, हात जोडल्याचं चित्र नाही, नुसता पूर्णविराम. एकदा अख्ख्या नेरळची वीज गेली, तरी यांचं आपलं तेच. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "सर, ट्रान्सफॉर्मर तुमचा आहे का?" त्यावर त्यांचं उत्तर आलं, "नाही. पण जिन्यात लावायला मेणबत्त्या आणून ठेवायला हव्या होत्या."

मी नेरळला राहायला आलो तो मुंबईत घर परवडेना म्हणून. काम घरूनच करायचं असल्यामुळे कुठेही राहिलो असतो तरी चाललं असतं. पहिल्याच पावसाळ्यात माझ्या कपाटावर वरच्या बाथरूमचं पाणी ठिबकायला लागलं. वरचा फ्लॅट बंद, मालकाचा पत्ता नाही. मी मनातल्या मनात भांडणाची चांगली तयारी करून सेक्रेटरींच्या दारात गेलो. उकाड्याचे दिवस असूनही अंगात बिनबाह्यांचा लालसर स्वेटर घातलेला, सत्तरीकडे झुकलेला एक किरकोळ माणूस दारात आला. माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाला, "चूक माझी. आत या."

"तुमची कशी? वरचा फ्लॅट तुमचा आहे का?"

"नाही. पण मालकाला फोन करायला हवा होता मी. चहा घेणार?"

"अहो, पण गळती तुमच्यामुळे नाही ना झालेली!"

"तसं कसं म्हणता?"

पुढचा अर्धा तास मी त्यांची बाजू घेऊन त्यांच्याशीच भांडत होतो. चहा पिऊन खाली आलो तेव्हा राग कुठल्या कुठे गेला होता आणि कपाटावर पाणी ठिबकतच होतं. ते पुढे पावसाळा संपेपर्यंत ठिबकत राहिलं. सेक्रेटरींच्या बाबतीत एवढी एक गोष्ट माझ्या लवकर लक्षात आली. दोष ते ताबडतोब उचलायचे, गळती मात्र जागच्या जागी राहायची.

त्यांची नोकरी टेलिफोन खात्यात झाली होती, तीही तक्रारींच्या टेबलावर. लोक आपला फोन बंद पडला की शेजाऱ्याच्या घरून फोन करून यांना शिव्या घालायचे. "सुरुवातीला मी पण उलट बोलायचो," ते सांगायचे, "घरी जायचो तेव्हा कान गरम असायचे. मग एका हिवाळ्यात हा स्वेटर घेतला." फुटपाथवर स्वेटर विकायला बसणाऱ्या एका तिबेटी बाईंकडून तो घेतला होता. मापावरून एक गिऱ्हाईक त्या बाईंना वाटेल ते बोललं आणि बाई शांतपणे म्हणाल्या, गलती मेरी. सेक्रेटरी तिथेच थांबले. त्या हिवाळ्यात ऑफिस सुटलं की ते रोज तिथे जाऊन उभे राहायचे आणि बाई गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्यांना मोडक्या हिंदीत सांगायच्या. तिकडे म्हणे मनाचा व्यायाम असतो, आपल्याकडे दंड-बैठका असतात तसा. जिथे दोष दिसेल तिथे तो आधी आपल्या अंगावर घ्यायचा. जो आपल्याला छळतो त्याला गुरू मानायचं. दुसऱ्याचं दुःख काळ्या धुरासारखं श्वासाबरोबर आत ओढायचं, आणि आपल्याकडे जे काही बरं असेल ते बाहेर पडणाऱ्या श्वासाबरोबर त्याला देऊन टाकायचं.

हे सगळं ते भलत्या ठिकाणी करायचे. नेरळच्या बाजारात एकदा आम्ही दोघं अडकलो होतो. पुढे टेंपो, मागे रिक्षा, मध्ये एक टँकर, आणि सगळ्यांचे हॉर्न एकदम चाललेले. टँकरचा ड्रायव्हर खिडकीतून मान काढून सगळ्यांच्या आयाबहिणी काढत होता. सेक्रेटरींनी त्याच्याकडे मोठ्या मायेने पाहिलं, डोळे अर्धवट मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. पुढच्या क्षणी ते असे खोकायला लागले की मला त्यांची पिशवी धरावी लागली.

"साहेब, हा खराच धूर आहे," मी म्हटलं.

"चूक माझी," ते डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाले.

पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी त्यांना ग्रुपवर सगळ्यांदेखत 'निष्क्रिय' म्हटलं. संध्याकाळी सेक्रेटरी करवंदांचा द्रोण घेऊन त्यांच्या दारात हजर. माथेरानच्या उतारावरच्या बाया विकायला आणतात ती, चांगली टपोरी. मला म्हणाले, "असा माणूस शोधून मिळत नाही हो. आपण होऊन आलाय." त्या घरात ती करवंदं तीनदा धुतली गेली आणि शेवटी वॉचमनला दिली गेली. वॉचमनला काही झालं नाही हे पाहून त्या गृहस्थांच्या बायको फार हळहळल्या.

त्यांना कुणी गंभीरपणे विरोध केला असेल तर त्यांच्या थोरल्या बहिणीने. कर्जतच्या बुद्धवाड्यात राहणाऱ्या या अक्का महिन्यातून एकदा सुकट आणि बोंबील घेऊन यायच्या. सेक्रेटरींच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, अक्का आधी तिच्यापुढे हात जोडायच्या आणि मग भावाकडे वळायच्या. मी एकदा तिथे असताना सेक्रेटरींचा फोन टुणटुणला, त्यांनी चष्मा लावून "चूक माझी" टाइप केलं. अक्कांनी ते वाचायला लावलं.

"कशापायी रं?" त्यांनी विचारलं.

"कचऱ्याची गाडी आली नाही, अक्का."

"गाडी तुझ्या बापाची हाय? आरं, आज्या-पंज्यापास्नं गावानं सगळं आपल्याच डोक्यावर टाकलं. आडाला पानी आटलं तरी चूक आपली. त्या ओझ्याखालनं कसं भायेर आलो ते आपल्यालाच ठावं. आन तू आता मागून घेतोस व्हय?"

"टाकलेलं वेगळं, अक्का. उचललेलं वेगळं."

"डोस्क्याला वजन तेवढंच लागतं," अक्का म्हणाल्या आणि बोंबील भाजायला उठल्या. सेक्रेटरी माझ्याकडे बघून हसले. मी घरी जाताना मला वाटलं, बाईंचा मुद्दा बिनतोड आहे.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला ते गच्चीवर बसायचे. आम्हालाही त्यांनी बोलावून पाहिलं. पहिल्या दिवशी बरेच जण आले, कारण गच्चीवरून माथेरानचा डोंगर छान दिसतो आणि काही जणांना फोटो काढायचे होते. सेक्रेटरींनी बिस्किटांचा एक रिकामा डबा फिरवला, त्यात सगळ्यांचे फोन बंद करून टाकायला लावले आणि गच्चीच्या दाराला आतून कडी घातली. मग सांगितलं, श्वासाकडे बघा. मधेच डास चावला तर मनात म्हणा, डास. मागच्या गोष्टी आठवल्या तर म्हणा, आठवण. गाडी, कुत्रं, लाऊडस्पीकर, काहीही ऐकू आलं तरी नाव-गाव विचारायचं नाही. मनात म्हणायचं, आवाज, आवाज, आणि परत श्वासावर यायचं. "आवाजाच्या मागे गेलात की संपलं," ते म्हणाले. नोकरीच्या काळात फोनवरच्या शिव्या त्यांनी याच युक्तीने पचवल्या होत्या. आठवडाभरात डासांनी बाकीच्यांना खाली पाठवलं. मी थोडा जास्त टिकलो, पण मला श्वासापेक्षा खालच्या मजल्यावरच्या फोडणीचा वास जास्त स्पष्ट कळायचा. त्यानंतर ते एकटेच बसत, मशीनरूमच्या भिंतीला पाठ टेकून. ही मशीनरूम म्हणजे लिफ्टची मोटार असते ती गच्चीवरची खोली. वीज जाऊन लिफ्ट मधेच अडकली तर तिथे जाऊन ती हाताने खाली घेता येते, आणि त्या खोलीची किल्ली सेक्रेटरींकडे असायची.

आता हिराबद्दल सांगायला हवं. हिरा आमचे जिने झाडायची, पुसायची. डोंगराच्या उतारावरच्या ठाकूरवाडीतून ती सकाळी पायवाटेने उतरायची आणि काम आटपून अंधार पडायच्या आत परत चढायची. चाळिशीची असेल, बोलायला खणखणीत. वॉचमनशी तिची रोज जुंपायची आणि तिचा आवाज मला पाचव्या मजल्यावर काम करताना ऐकू यायचा. तिचा एक गुडघा दुखरा होता. तरी तिला लिफ्ट वापरायची परवानगी नव्हती, कारण चेअरमननी मीटिंगमध्ये तसा नियम आणला होता. घरकामाला आणि झाडलोटीला येणाऱ्यांनी जिन्याने जावं, लिफ्टवर लोड येतो. हिरा आणि तिची बादली मिळून चेअरमनच्या निम्म्यानेही भरली नसती. सेक्रेटरी तेव्हा म्हणाले होते, "मला हे बरोबर वाटत नाही." दोघातिघांनी आवाज चढवला. सेक्रेटरींनी डोळे मिटून एक श्वास घेतला आणि म्हणाले, "ठीक आहे. चूक माझी." नियम झाला. लिफ्टमध्ये नोटीस लागली, तिच्याखाली सही यांचीच. दोष घेतला की भांडावं लागत नाही, ही एक सोय त्या व्यायामात होती, आणि ती त्यांना स्वतःला दिसत नव्हती असं मला वाटतं.

दिवाळी होऊन गेली होती. वरच्या एका फ्लॅटमध्ये रंगकाम चालू असल्यामुळे जिन्यात सगळीकडे पांढरे पाय उमटले होते, ते घासता घासता हिराला संध्याकाळ झाली. गुडघा सुजला होता. सातव्या मजल्यावरून बादली घेऊन ती लिफ्टमध्ये शिरली आणि मधेच वीज गेली. मागच्या बाजूला टँकर आलेला, त्याच्या मोटारीच्या घरघरीत वॉचमन उभा. आमचे अर्धे फ्लॅट शनिवार-रविवारपुरते उघडणारे, तेव्हा जिन्यात चिटपाखरू नव्हतं. मी बाजारात गेलो होतो. परत आलो तेव्हा वीज नुकतीच येत होती. लिफ्ट खाली येऊन थांबली, दार उघडलं, आणि कोपऱ्यात हिरा बसलेली दिसली. बादली कलंडलेली, सगळा घाणेरडा फेस तिच्या लुगड्यात मुरलेला. तळहात लालभडक होऊन सुजले होते. ती आमच्याकडे बघत होती, पण ओठ हलत असून शब्द फुटत नव्हता. उठायला गेली आणि तिथेच कोसळली.

वॉचमनने आणि मी तिला बाहेर घेतलं. तेवढ्यात जिन्यावरून सेक्रेटरी उतरले. हातात बिस्किटांचा डबा. ते शेवटच्या पायरीवर थांबले. मी वाट बघत होतो त्या दोन शब्दांची, सवयच लागली होती. ते काही बोलले नाहीत. रिक्षा आणली, हिराला डॉक्टरकडे नेलं. घाबरून श्वास कोंडला होता, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि काही दिवस घरी आराम करायला सांगितलं. माथेरानला घोडा धरणारा तिचा भाऊ आला आणि तिला घेऊन गेला.

त्या दिवशी ग्रुप पेटला. कुणी लिफ्टच्या कंपनीला धुतलं, कुणी वॉचमनला. मग चेअरमननी लिहिलं, "नियम असताना ती लिफ्टमध्ये गेलीच कशी?" त्यावर वर केलेल्या अंगठ्यांची रांग लागली. उद्या काही बरंवाईट झालं तर वाडीतली माणसं आपल्या दारात येतील, त्यापेक्षा बाई बदलून टाका, एजन्सीची माणसं घ्या, असं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जवळपास ठरलं. या सगळ्यात सेक्रेटरींचा एकही मेसेज नव्हता. तिसऱ्या दिवशी पाणी आलं नाही, तेव्हाही नाही. जन्मात पहिल्यांदा आमच्या सोसायटीतली एक चूक कुणाचीच न होता नुसती लोंबकळत होती.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून मीटिंग भरली. हिरा आली होती. तिचा भाऊ बरोबर होता. दोघं फाटकाच्या आत भिंतीला धरून उभी होती, खुर्ची कुणी दिली नाही आणि त्यांनी मागितली नाही. तिच्या घरात हेच पगाराचं काम होतं, पाऊस संपला की भावाच्या घोड्यावर आणि तिच्या या जिन्यांवर अवलंबून सगळं. म्हणून ती विचारायला आली होती की उद्यापासून यायचं का नाही.

चेअरमननी गोड आवाजात सुरुवात केली. सोसायटीने माणुसकी दाखवली, डॉक्टर केला, पण शिस्त ती शिस्त. सेक्रेटरी उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी."

"हो हो, ते आहेच," चेअरमन म्हणाले. "बसा तुम्ही. तर, एजन्सीचा माणूस मी बोलावलाय..."

मागे कुणीतरी हसलं. सेक्रेटरी बसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की बघवेना. रोज वापरातली किल्ली कुलपात घालावी आणि ती फिरूच नये, तसे ते उभे होते. मग ते फाटकाकडे वळले आणि आमच्याशी न बोलता तिकडे बघून बोलायला लागले.

"मी गच्चीवर होतो. वीज गेलेली मला कळली, खालचे टीव्ही बंद पडले. मग ठोकल्याचं ऐकू आलं. मशीनरूमला पाठ लावून बसतो मी, तिथून लिफ्टमधलं सगळं वर येतं. मी मनात म्हटलं, आवाज. परत आला. म्हटलं, आवाज. आधी वाटलं कुठेतरी सुतार असेल. पण सुतार हाताने ठोकत नाही. हा हाताचा होता, आणि बाईमाणसाच्या ओरडण्याचा होता. मला कळलं. किल्ली माझ्या खिशात होती. फार दिवसांनी मन छान लागलं होतं. वाटलं, एवढी बैठक पुरी करू आणि मग उठू. त्या वेळी मी सगळ्या जिवांचं दुःख आत घेत होतो."

वॉचमनने टोपी काढली.

"मग आवाज थांबला," सेक्रेटरी म्हणाले, "तेव्हा मला बरं वाटलं."

चेअरमनचा गोड आवाज गेला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग इतके दिवस गप्प का बसलात? एरवी तर उठता-बसता चूक माझी, चूक माझी."

"ही खरंच माझी होती," ते म्हणाले.

त्यानंतर जो भडका उडाला तो मी विसरणार नाही. इतकी वर्षं या माणसाशी कुणाला धड भांडता आलं नव्हतं. ती सगळी तुंबलेली भांडणं त्या सकाळी बाहेर आली. पाणी, गळती, कुत्री, करवंदं, सगळं निघालं. पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ तर खुर्चीवर चढायचे बाकी होते. सेक्रेटरींनी डोळे मिटले नाहीत, लांब श्वास घेतला नाही. एकेकाकडे बघत ते सगळं ऐकत राहिले. मग लिफ्टपाशी गेले, आत जाऊन स्वतःच्या सहीची नोटीस नखाने खरवडून काढली आणि म्हणाले, "ही राहणार नाही. आणि हिराताईंना काढायचं असेल तर आधी मला काढा." त्यांना काढलंच. हातोहात काढलं. पण एवढं झाल्यावर हिराला काढायचं तोंड कुणाला राहिलं नाही.

हिरा इतका वेळ हलली नव्हती. गलका ओसरल्यावर ती पुढे आली.

"ऐकू येत व्हतं?" तिने विचारलं.

"हो."

"समदं?"

"सगळं."

ती भावाकडे वळली. "बघ. आवाज जात व्हता माजा." मग तिच्या भावाने आम्हाला सांगितलं, की त्या दिवसापासून ती घरात सारखी विचारत होती, मी बोलते ते तुमाला ऐकू येतंय ना? रात्रीतून उठून विचारायची. आत कोंडल्यावर आपल्या तोंडातून आवाजच निघत नव्हता, असं तिच्या डोक्यात बसलं होतं.

हिरा पुन्हा सेक्रेटरींकडे वळली. "मंग का नाय आलात?"

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. त्यांच्या तोंडी ते दोन शब्द येतील असं मला वाटलं आणि ते येऊ नयेत असंही फार वाटलं.

"नाही आलो," ते म्हणाले.

हिराने मान हलवली, कोपऱ्यातला झाडू उचलला आणि जिना झाडायला सुरुवात केली.

नवे सेक्रेटरी तरुण आणि तडफदार निघाले. तक्रार आली की ते ग्रुपवर "नोटेड" लिहितात. आमच्या जुन्या सेक्रेटरींनी त्यानंतर ग्रुपवर काही लिहिलं नाही, पण माझ्या कपाटावरच्या गळतीसाठी एके दिवशी वरच्या फ्लॅटचा मालक आणि एक प्लंबर असे दोघे त्यांच्यामागून जिना चढताना दिसले. मालकाला ते बदलापूरहून धरून घेऊन आले होते. गळती बंद झाली. त्यांनी चहा घेतला आणि दोष कुणाचा यावर चकार शब्द काढला नाही.

बसणं त्यांनी सोडलं नाही, जागा मात्र बदलली. दिवे लागायच्या वेळी खाली लिफ्टच्या दारासमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे. डोळे उघडे, फोन मांडीवर, त्याची घंटी इतकी मोठी की पार्किंगमधली मांजरं दचकायची. तिथे ना शांतता, ना डोंगर. येणारा-जाणारा प्रत्येक जण काहीतरी विचारायचा आणि ते उत्तर द्यायचे. मी एकदा म्हटलं, "इथे कसलं मन लागतं तुमचं?" ते म्हणाले, "लागत नाही."

हिरा त्यानंतर कधी लिफ्टमध्ये चढली नाही. नोटीस गेली, पण आता तिचीच इच्छा नव्हती. काम आटपून घरी निघाली की ती त्यांच्या खुर्चीशेजारी थांबायची आणि लिफ्टच्या दारावर बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकायची. ठक, ठक. ते म्हणायचे, "ओ ताई." ती निघून जायची. बोलणं नाही, हसणं नाही. ती त्यांना शिक्षा करत होती, की आपला आवाज जातो याची रोज खात्री करून घेत होती, ते मला कळलं नाही. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तिला काय हवंय ते तिचं तिला ठाऊक. मला फक्त ओ द्यायचीय." मला हा माणूस आवडायला लागला होता. सेक्रेटरी होते तोवर तसं वाटलं नव्हतं, हेही खरं.

एका थंडीत ती अशीच थांबली, तिने ठोकलं, आणि ओ आली नाही. खुर्ची रिकामी होती. मी तिथेच वॉचमनशी बोलत उभा होतो, आमच्या ते लक्षातही आलं नव्हतं. हिराने परत ठोकलं. मग तिने पिशवी खाली ठेवली आणि दुखऱ्या गुडघ्याने सहाव्या मजल्यापर्यंत जिना चढून गेली. ती दार इतक्या जोरात बडवायला लागली की मी लिफ्टने वर गेलो. सेक्रेटरी तापाने फणफणले होते. खोलीत पडून होते, उठून कडी काढायला त्यांना बराच वेळ लागला. तोपर्यंत ती थांबली नाही. दार उघडल्यावर ती त्यांना एवढंच म्हणाली, "ऐकाया येत व्हतं तर ओ द्यायची ना रं बाबा."

अक्का कर्जतहून आल्या आणि भावाला घेऊन गेल्या. ते तिथेच राहिले. आता बुद्धवाड्यात त्यांचं चांगलं चाललंय असं अक्का फोनवर सांगतात. विहाराचा नळ गळत होता तो त्यांनी दुरुस्त करून घेतला, आणि चूक कुणाची होती ते अजून कुणाला ठाऊक नाही, यावर अक्का विशेष खूश आहेत. स्वेटर अजून तोच आहे म्हणे.

त्यांची खुर्ची वॉचमनने उचलून नेली. परवा संध्याकाळी मी खाली लिफ्टची वाट बघत उभा होतो. हिरा जिन्यावरून उतरली, बादली उलटी घातली, पदराला हात पुसले. मग नेहमीसारखी लिफ्टशी थांबली आणि दारावर दोनदा ठोकलं. खुर्चीच्या जागेकडे तिने पाहिलंही नाही. ती तशीच उभी राहिली, आणि मला ते सहन होईना, म्हणून मी म्हटलं, "ओ."

हिराने माझ्याकडे वळून पाहिलं.

"तुमाला नाय इचारलं," ती म्हणाली, आणि डोंगराच्या वाटेला लागली.